वाढत गेलेलं लाकडी पाऊल

गल्लीतली माणसं तिला नेमबाई म्हणत. तिचं खरं नाव ठाऊक असलेली माणसं एकेक करून निघून गेली होती, आणि जी उरली होती त्यांना त्या नावाची गरज पडत नव्हती. "नेमबाईकडे टाक," एवढं म्हटलं की फाटका बूट आपोआप तिच्या दुकानाची वाट धरायचा.

नेम म्हणजे तिचा सकाळचा नेम. दाराच्या फळ्या काढल्या, केर काढला, चामडं कापायच्या रापीला धार लावली, की ती रिकाम्या दुकानाकडे तोंड करून मोठ्याने सांगायची, "आज शाळेतल्या बाईंच्या बुटांचे तळ. पोस्टमनची टाच. आणि त्या लाल चपलेचा पट्टा." एवढं बोलून खाली बसायची. दिवे लागायच्या आत तेवढं पुरं झालेलं असायचं. डोंगरावरून सुटलेला धोंडा मध्ये कुठे टेकत नाही, तसा तिचा दिवस मध्ये कुठे टेकत नसे. नवं गिऱ्हाईक बिचकायचं. दुकानात तर दुसरं कुणी नाही, मग ही बाई सांगते कुणाला?

सांगायची ती बाबांना. आणि बाबांना जाऊन इतका काळ लोटला होता की त्यांच्या मागे राहिलेल्या लेकीचे केस आता त्यांच्याइतकेच पांढरे झाले होते.

दुकान लांबट आणि अरुंद. समोर काम करायची बैठक, मागे एक खोली, दोन्हींवर लाकडी माळा. आणि छताला टांगलेले फर्मे. फर्मा म्हणजे लाकडाचं पाऊल. नेहमीच्या गिऱ्हाइकाच्या पायाबरहुकूम ते तासायचं, त्याच्यावर ओलं चामडं ताणायचं, शिवायचं, वाळू द्यायचं, आणि मग आतलं लाकूड ओढून काढायचं. मागे जी पोकळी उरते, तिला जोडा म्हणतात. बाबा म्हणायचे, आपण चामडं विकत नाही, पोकळी विकतो. चामडं नुसतं तिला धरून ठेवायला.

मागच्या खिडकीतून वारा आला की छताला लटकलेली ती सगळी पावलं एकमेकांवर आपटायची. टक, टक. सगळी वस्ती छतावरून उलटी चालत चालली आहे असं वाटायचं. गिऱ्हाईक मेलं की त्याचा फर्मा उतरवायचा, ही रीत होती. पण दाराजवळच्या आकड्याला एक जोडी होती, ती कधी उतरली नव्हती. इतर फर्मे लाकडाचे दिसत. हा मात्र लाकडाचा उरलाच नव्हता. वर्षावर्षाला चामड्याच्या पातळ चकत्या खळीने चिकटवून चिकटवून तो जाड, तपकिरी, जिवंत कातडीसारखा झाला होता. हात लावला तर किंचित ऊबदार लागायचा. दाराजवळ ऊन येतं म्हणून, असं ती स्वतःला सांगायची. ऊन यायचं सकाळी. फर्मा संध्याकाळीही ऊबदार असायचा.

तो दादाचा.

दादा तिच्याहून वर्षाने मोठा. आई दोघांना नीट आठवतही नव्हती. बाबांनी दोन्ही पोरं याच बैठकीवर वाढवली, आणि त्यांना दुधाच्या पेल्याबरोबर रोज एक प्रश्न पाजला. "आज काय पुरं करणार?" पोरगं पाच वर्षांचं असलं तरी सुटका नसे.

"खेळणार," दादा म्हणायचा.

"खेळून काय पुरं करणार?"

"बघू."

"बघू? बघू नावाचा जोडा अजून कुणी शिवला नाही रे!"

धाकटी मात्र उत्तर तयार ठेवायची. खिळे वेगळे करणार. दोऱ्याला मेण लावणार. बाबा मान हलवायचे, आणि ती मान हलली की हिचा दिवस उजाडायचा. दादाच्या पायाला भिंगरी. हातात आरी दिली तर आरी टोचून घ्यायचा, दोरा दिला तर त्याचा पतंग करायचा. तरी बाबांचा जीव त्याच्यावरच. जो हाती लागत नाही त्याच्यावरच माणसाचा जीव जास्त, याला काय करायचं.

मिसरूड फुटलं त्या साली एक दिवस बाबांनी नेहमीसारखं विचारलं, आणि दादाने पहिल्यांदा त्यांच्या डोळ्याला डोळा देऊन उत्तर दिलं. "आज मी जाणार." बाबांना वाटलं, बाजारात. तो गेला तो गेलाच. त्याच्यासाठी शिवायला घेतलेला जोड बैठकीवर अर्धा तसाच, आत लाकडी पाय.

बाबा त्याच्या मागे धावले नाहीत. त्यांनी फक्त कामाची जागा बदलली. दाराकडे पाठ करून बसायचे, ते तोंड करून बसायला लागले. कुणी विचारलं तर ताठ मानेने सांगायचे, "माझं रक्त आहे. काहीतरी ठरवून गेलाय. पुरं केल्याशिवाय यायचा नाही." सांगता सांगता ते त्यांना खरंच वाटायला लागलं, मग गल्लीला, मग लेकीला. कुणी म्हणे जहाजावर अधिकारी होणार, कुणी म्हणे मोठा कारखाना काढणार. गेलेल्या म्हशीला मणभर दूध.

तो अर्धा जोड बाबांनी पुरा केला. वर्ष गेलं. मग एका सकाळी ते जोड हातात घेऊन बसले आणि म्हणाले, "आता हा त्याला होणार नाही. पोरगं वाढलं असेल."

"किती वाढलं असेल?" तिने विचारलं.

बाबांनी जमिनीवर जाड कागद पसरला. "पाय ठेव."

तिने पाय ठेवला. त्यांनी पेन्सिलीने पायाभोवती रेघ ओढली. "एका आईची पोरं. एका घाटाचा पाय. फक्त तो पुरुष, म्हणून बोटभर पुढे." त्या रेघेवरून त्यांनी दादाच्या फर्म्याला चामड्याच्या चकत्या लावल्या, जुना जोड उसवला, नवा शिवला.

पुढे दरसाल हेच. चांभाराला समोरचा पाय तेवढा खरा, हा या धंद्याचा गुणही आहे आणि खोडही. न दिसणाऱ्या पायाचं माप घ्यायची वेळ आली की तो दिसणाऱ्या पायाकडे बघतो. तिची टाच रुंदावली की दादाची रुंदावायची. बैठकीवर बसून बसून तिच्या अंगठ्याच्या मुळाशी हाड वर आलं, त्या साली फर्म्यालाही तिथे उंचवटा आला. आणि या सगळ्यात तिचा स्वतःचा फर्मा कधी कुणी घडवलाच नाही. ती पायात घालायची ती गिऱ्हाइकांनी टाकून दिलेली पायताणं. दुरुस्तीला दिली आणि न्यायला आले नाहीत, अशी. सगळं आयुष्य ती परत न आलेल्या माणसांच्या चपला घालून चालली.

मधल्या काळात गल्लीच्या तोंडाशी छत्र्या दुरुस्त करणारा एक सरळ माणूस होता. त्याने तिला विचारलं होतं. ती म्हणाली, "दादा आला की." तो थांबला. बराच थांबला. मग थांबायचा थांबला.

बाबा गेले तेही काम अर्धं ठेवून नाही. हातातला जोड पुरा करून, आरी जागेवर ठेवून आडवे झाले. तिचा हात धरून म्हणाले, "दुकान उघडं ठेव. तो आला आणि दाराला कुलूप दिसलं तर कुठे जाईल? जोड त्याच्या मापाचा ठेव." ती म्हणाली, "ठेवीन." एक शब्द. पण तिचा शब्द म्हणजे दगडावरची रेघ.

त्यानंतर माळ्यावर पाऊल वाजायला लागलं.

रात्री नव्हे. रात्रीचं काहीही वाजतं, त्याला कोण विचारतो. हे भर दुपारी, गल्ली जेवून सुस्तावलेली असताना. करकर, करकर. माळ्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, मग जरा थांबून परत. उंदीर असा चालत नाही. आणि ती जोडे शिवणारी. आवाजावरून जोडा ओळखायची. हा नव्या चामड्याचा आवाज होता, अजून पायाला न सरावलेल्या. डावं पाऊल हलकं, उजवं किंचित जड. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा हातातला दोरा तिथेच राहिला. शिडी लावून वर गेली. माळ्यावर धुळीत एक ठसा नव्हता. खाली येऊन बसली, तशी पुन्हा करकर.

हळूहळू तिला त्याची सवय झाली. भीती गेली असं नाही. घरातल्या म्हाताऱ्या माणसाच्या खोकल्यासारखी ती भीती अंगवळणी पडली. सकाळचा नेम ती मोठ्याने सांगायची तेव्हा माळा शांत असायचा. ऐकत असल्यासारखा.

शेजारच्या दुकानात गादीवाले काका. कापूस पिंजायचे, गाद्या भरायचे. बाबांच्या वेळचे, जिभेचे तिखट. "काय नेमबाई," ते दारातून ओरडायचे, "तुझा बाप वर गेल्यावर तिथल्या दारवानालाही विचारत असेल, आज काय पुरं करणार? कंटाळून त्याला परत पाठवतील, बघ!"

"पाठवू देत," ती म्हणायची. "मला मदत होईल."

या काकांची नात जन्मतः दोन्ही पावलं आत वळलेली घेऊन आली. नदीपलीकडच्या पायांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी ती पावलं हळूहळू सरळ केली, पण पुढे ती सरळ राहायला खास बूट हवे होते, आत पोलादी पट्टी घातलेले, आणि तसे करणारं कुणी मिळेना. काका पोरीला उचलून नेमबाईकडे घेऊन आले. तिने पोरीचा पाय हातात घेतला, तळवा अंगठ्याने चाचपला, आणि दुसऱ्या दिवशी दुकानाला सांगितलं, "आज छोटीचे बूट. जमले तर." आयुष्यात पहिल्यांदा तिच्या नेमाला शेपूट लागलं होतं. बूट जमायला बरेच दिवस लागले, तीनदा उसवले. पण पोरगी त्या बुटांत भिंतीला धरून उभी राहिली, मग भिंत सोडली, आणि नेमबाई पाणी प्यायला मागच्या खोलीत गेली ती बराच वेळ आलीच नाही.

डॉक्टरीणबाई स्वतः दुकानात आल्या. वयाने लहान, बोलायला मोकळ्या.

"मावशी, आमच्याकडे या. वरच्या मजल्यावर खोली देते, चांगला उजेड आहे. पोरांची रांग लागलीय. तुम्ही शिवा, आणि दोघी-चौघींना शिकवा."

"येईन," नेमबाई म्हणाली. "दादाचा यंदाचा जोड पुरा झाला की."

"दादा कुठे असतात?"

"येणार आहेत."

पुढच्या साली बाई पुन्हा आल्या. पुन्हा तेच उत्तर. तिला जायचं नव्हतं असं नाही. ती खोली तिने बघितली नव्हती, पण तिच्यात बैठक कुठे मांडायची, हत्यारांची फळी कुठे ठोकायची, हे मनात कधीच ठरलं होतं. खिडकीखाली लहान बाकडं, पोरांना बसायला. तिचं स्वतःचं म्हणावं असं आयुष्यात ठरवलेलं तेवढंच. पण ते ठरवणं मनात आलं की वर करकर सुरू व्हायची, आणि ती गुन्हा केल्यासारखी खाली मान घालून कामाला लागायची.

तिसऱ्या खेपेला बाई बसल्या नाहीत. दारातूनच म्हणाल्या, "मावशी, आता मला दुसऱ्या कुणाला तरी खोली द्यावी लागेल. पोरं वाढतात हो. त्यांचे पाय थांबत नाहीत. महिनाअखेरपर्यंत सांगा."

बाई गेल्यावर तिने दादाच्या जोडाचं काम समोर ओढलं आणि ती टाके घालत राहिली. यंदाचं चामडं उत्तम मिळालं होतं. टाका टाक्याला चिकटून बसत होता. जोड पुरा झाला. तिने तो खिडकीत ठेवला, आणि पहिल्यांदाच त्याच्याकडे बघून तिला राग आला.

महिना सरत आला असताना एका दुपारी एक म्हातारा दुकानात आला. बाकड्यावर बसला, पायातली चप्पल काढून पुढे सरकवली. "अंगठा तुटलाय. बसल्या बसल्या होईल?"

ती माणसाच्या तोंडाकडे कधी आधी बघत नसे. आधी पाय. हे पाय पसरट, तळवा सपाट, बोटं एकमेकांपासून फाकलेली, टाचा भेगाळलेल्या, पाण्यात आणि ओल्या फरशीवर उभे राहणाऱ्या माणसाच्या असतात तशा. अशा पायांसाठी तिने कधी शिवलं नव्हतं. तिने चप्पल घेतली, अंगठा शिवायला लागली. वर माळा अगदी गप्प होता. हे तिच्या लक्षात आलं, पण का ते आलं नाही.

"काय गं," म्हातारा म्हणाला, "बघू नावाचा जोडा शिवला का कुणी शेवटी?"

आरी तिच्या बोटात गेली.

तिने वर बघितलं. तोंड ओळखीचं नव्हतं. पण हसताना एका बाजूचा ओठ वर जायचा, तो तसाच गेला.

"दादा?"

"रक्त येतंय बघ, चिमणे. तोंडात घाल बोट."

तिने बोट तोंडात घातलं नाही. ती उठली, धडपडली, खिडकीतला जोड घेऊन आली. "उठू नकोस. आधी हे घाल. हे तुझे. दरसाल केलेत. बाबांनी, मग मी." ती त्याच्या पायाशी बसली. बूट चढवायला लागली. पाय शिरेना. तिने बुटाची जीभ आणखी मोकळी केली, टाचेमागे पट्टी सरकवली, जोर लावला.

"अगं, पाय आहे तो. कणीक नाही दाबून भरायला."

"जरा आखड बोटं."

"आखडली. आता काय कापून देऊ?"

रुंदीला बूट कुठल्या कुठे कमी पडत होता, आणि लांबीला पुढे नुसताच रिकामा. तिने बूट काढला, उलटा केला, आत हात घातला, जणू आत कुणीतरी आधीच बसलंय की काय ते बघायला. मग ती तशीच खाली बसून राहिली.

दादाने बूट तिच्या हातून घेऊन बाजूला ठेवला. तिने चहा केला. दोघं पिताना ती म्हणाली, "आता सांग. काय पुरं केलंस?"

"काही नाही."

"असं कसं? बाबा म्हणायचे, काहीतरी ठरवून गेलाय."

"ठरवून?" तो मोठ्याने हसला, मग एकदम हसायचा थांबला. "चिमणे, मी त्या प्रश्नाला भिऊन पळालो गं. आता धक्क्यावर असतो, दोर धरायला. होडी आली की बांधायची, निघाली की सोडायची. आयुष्यभर बांध आणि सोड. पुरं काहीच होत नाही. मजेत आहे."

"मग एकदा यायचंस तरी."

"आलो होतो. दोनदा." त्याने कप खाली ठेवला. "पहिल्यांदा आलो तेव्हा गल्लीत पोचलो आणि तुझा आवाज आला. सकाळची वेळ. तू आत सांगत होतीस, आज हे करणार, आज ते करणार. म्हटलं, म्हातारा अजून आत बसलाय. कोपऱ्यावरूनच परत फिरलो. मग बऱ्याच वर्षांनी पुन्हा आलो. पुन्हा तू सांगतच होतीस. म्हटलं, काय चिवट माणूस! शंभरी गाठणार!"

चहावर साय धरली.

"आणि आज?"

"आज होडीला उशीर झाला. दुपार उजाडली पोचायला."

बाहेर गल्लीत कुणीतरी सायकलची घंटी वाजवली. नेमबाईला ती फार लांबून आल्यासारखी वाटली. ज्याची वाट बघायला तिने दार उघडं ठेवलं होतं, त्याला त्याच दारातून तिने स्वतःच्या तोंडाने, रोज, घालवून दिलं होतं.

ती उठली. कागद आणला, जमिनीवर पसरला. "पाय ठेव. आता तरी खरं माप घेऊ दे."

"नको."

"अरे, एकदाच."

"माप घेतलंस की जोड शिवशील. जोड शिवलास की वाट बघशील." त्याने दुरुस्त केलेली चप्पल पायात सरकवली, अंगठा हलवून बघितला. "हे छान झालं. झकास. येईन मी. कधी ते सांगत नाही, म्हणजे तू मोजणार नाहीस." जाताना त्याने तिच्या डोक्यावर हात ठेवला, दाराजवळ टांगलेल्या त्या तपकिरी फर्म्याकडे एकदा बघितलं, अंग चोरलं आणि त्याच्या खालून न जाता बाजूने बाहेर पडला.

संध्याकाळच्या उजेडात तिने तो जोड स्वतःच्या पायात घातला.

टाच बसली. घोटा बसला. अंगठ्याच्या मुळाशी वर आलेलं हाड आपल्या उंचवट्यात अलगद जाऊन बसलं. सगळं बसलं. फक्त पुढे बोटभर पोकळी राहिली. ती पोकळी बाबांची. तो पाय तिचा नव्हता आणि दादाचा तर नव्हताच. तिच्या पायावर बाबांची बोटभर आस चढवून जो तयार झाला होता, तो एक तिसराच माणूस होता; काहीतरी ठरवून गेलेला, पुरं करून येणारा. तो कधी जन्मला नव्हता. पण त्याचा पाय होता, दरसाल वाढलेला.

ती उठून दुकानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालली. करकर, करकर. डावं हलकं, उजवं किंचित जड. ती मध्येच थांबली. तो आवाज तिला तोंडपाठ होता.

रात्र कशी गेली ते तिचं तिला ठाऊक. सकाळी फळ्या काढल्या, केर काढला, रापीला धार लावली. दुकानाकडे तोंड करून उभी राहिली, आणि तोंडातून शब्द फुटेना. वर माळ्यावर पाऊल वाजायला लागलं, चालत चालत बरोबर तिच्या डोक्यावर आलं आणि थांबलं. वाट बघत असल्यासारखं.

"तुला काय सांगू?" ती म्हणाली. "तू काही करायला आहेस तरी का?"

वर काही हललं नाही.

तिने तो जोड मांडीवर घेऊन टाका टाका उसवला. चामडं चांगलं होतं. त्यातून पोरांच्या बुटांना आतून अस्तर होणार होतं. फर्म्याला मात्र तिने हात लावला नाही. मेलेल्याचा फर्मा उतरवायचा, ही रीत. जो जन्मलाच नाही, त्याचा उतरवायचा कसा, हे बाबांनी शिकवलं नव्हतं. हत्यारं पिशवीत भरली आणि दुकानाची किल्ली घेऊन ती शेजारी गेली.

"काका, तुमचा कापूस ठेवा माझ्या दुकानात. मी नदीपलीकडे चालले. बाईंच्या खोलीत."

गादीवाल्यांनी पिंजण थांबवली. "अगं बाई! सूर्य कुठे उगवला आज?" मग किल्लीकडे बघून हळूच म्हणाले, "आणि तो आला तर?"

"दादा येऊन गेला. त्याला सांगा, दवाखान्यात आहे. पाय आहेत त्याला, येईल चालत."

"दादाचं नाही विचारत मी." काकांनी कापूस उगीचच हाताने सारखा केला. "भिंतीपलीकडचा तो. दुपारचा फिरतो तो."

तिच्या हातातली पिशवी खाली टेकली. "तुम्हाला ऐकू येतं?"

"मी गाद्या भरतो, बाई. बहिरा नाही."

"मग इतकी वर्षं बोलला नाहीत?"

"मला वाटलं, तुला सोबत आहे."

त्यावर तिला हसू आलं, आणि हसता हसताच डोळे भरले. किल्ली काकांच्या हातात ठेवून ती निघाली.

डॉक्टरीणबाईंनी तिला बघून कपाळाला हात लावला. "मावशी! उद्या दुसऱ्या माणसाला बोलावलं होतं मी!" पण त्या बोलता बोलताच जिन्याकडे वळल्या होत्या. खोली तिने मनात मांडली होती त्याहून लहान निघाली, आणि खिडकी डाव्या हाताला. तिने बैठक दोनदा हलवून बघितली. पिशवीतून रापी काढली, आरी काढली. सवयीने तोंड उघडलं आणि मिटलं. खोली नवी होती, तिथे कुणाला काही ठाऊक नव्हतं.

थोड्याच वेळात दारात एक बाई आली. धापा टाकत होती. बरोबर एक धडधाकट मुलगी, आठ-नऊ वर्षांची, कंटाळलेली.

"हिचा पाय?" नेमबाईने विचारलं.

"हिचा नाही हो, हिच्या धाकट्या बहिणीचा. तिला उचलून एवढ्या लांब आणायचं म्हणजे माझी कंबर जाते. म्हणून हिला आणलं. दोघींचा पाय अगदी एकसारखा बघा, घाट तोच. हिचं माप घ्या आणि थोडं कमी करा. तुम्हाला काय, अंदाज असतोच."

मुलगी शहाण्यासारखी पुढे झाली, चप्पल काढली, आणि पाय पुढे करून उभी राहिली. गोरा, सरळ, निर्दोष पाय. नेमबाई त्या पायाकडे बघत राहिली. तिच्या हाताशी कागद होता, पेन्सिल होती. हात आपोआप पुढे गेला होता.

"नाही," ती म्हणाली.

"अहो, फार काही फरक नाही त्यांच्यात..."

"बाळ, चप्पल घाल." तिने कागद गुंडाळला, पेन्सिल कानामागे खोचली, आणि नुकतीच उघडलेली पिशवी परत भरायला घेतली. "धाकटी कुठे आहे?"

"घरी. पण तुम्ही कशाला, एवढं लांब..."

"तिच्याकडेच जाऊ."

जिन्याच्या तोंडाशी मागून ओळखीची करकर आली तशी नेमबाई थबकली, आणि मागून येणाऱ्याला वाट द्यावी तशी भिंतीला सरून उभी राहिली. आईने आणि मुलीने दोघींनी वळून बघितलं. जिन्यात कुणी नव्हतं.

"काय झालं?" आईने विचारलं.

"काही नाही. चला पुढे. घर कुठल्या बाजूला?"